एक सूत जास्त

उद्यमबागेत चाळीस वर्षं लाकडी साचे केले मी.
पंपांचे, व्हॉल्व्हचे, एकदा देवळाच्या घंटेचा.
शिवणीचं लाकूड. ते नंतर वाकत नाही.
साचेवाल्याची पट्टी वेगळी असते:
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटाहून
एका सुतानं मोठा,
कारण बीड निवताना आकसतं
आणि ते आकसणं आधीच धरावं लागतं.

डॉक्टरीणबाईंकडे तशी पट्टी नव्हती.
"हा बरा होणारा कॅन्सर आहे, काका," म्हणाल्या,
मग कागदावरचं माझं वय वाचलं. बहात्तर.
"तरुणांत शंभरातले नव्वद."
"आणि आमच्यात?"
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
"पाच वर्षांनी बघितलं, तर निम्म्याहून थोडे जास्त."

लक्षू बाहेर बाकावर पिशवी धरून बसलेली.
बरा होतंय म्हणे, एवढंच सांगितलं तिला.
बाकीच्यावर रंधा मारला.

पलीकडच्या खाटेवर ईरण्णा, गोकाककडचा,
मिशी नुकती फुटलेली.
आजार तोच, वार तोच, तीच लाल बाटली.
त्याला चार औषधं, मला तीन:
चौथं फुप्फुसावर जातं,
आणि माझ्या फुप्फुसांत फाउंड्रीची वाळू आधीपासूनच भाड्यानं राहिलेली.
"अज्जा, एष्टनेदु?" विचारायचा. कितवं?
मी बोटं दाखवायचो.
त्याला मराठी शिव्या येत होत्या, मला कन्नड आकडे.
एवढ्यावर सहा महिने निघाले.
पाटी कुठल्या भाषेत, यावरनं चौकात दगड पडले
त्याच आठवड्यात
आम्ही दोघं एका बादलीत ओकलो.

तिसऱ्यानंतर मला ताप. पांढऱ्या पेशी पार तळाला.
अकरा दिवस.
लक्षू येळ्ळूरच्या बासमतीची पेज आणायची डब्यातून,
झाकण उघडलं की पोट ढवळायचं.
जन्मभर ज्या वासावर भूक लागली, तोच वास.
तिला सांगितलं नाही. फडक्याखाली सारून ठेवायचो,
रात्री वॉर्डबॉय प्यायचा.
पुढचे डोस कमी केले. ईरण्णाचे पुरे गेले, वेळच्या वेळी,
तो सलाईनची दांडी धरून
कॉरिडॉरमध्ये क्रिकेटचे फटके मारून दाखवायचा.

शेवटच्या स्कॅनमध्ये दोघंही स्वच्छ.
त्याच्या आईनं मला करदंट दिलं, पाया पडली.
मी हात कुठं ठेवावा मला कळेना.

त्याला आता एकोणीस महिने झाले.
मी आहे. बावन्न किलोचा, जुने शर्ट खांद्यावरून घसरतात,
पण अनगोळच्या फाटकापर्यंत चालत जातो,
येताना एकदाच थांबतो.
निम्म्यांत बसलो. कसा बसलो, कुणी सांगत नाही.

परवा फोन आला. मीच विचारलं या खेपेला,
सवयीनं, थट्टेत:
"एष्टनेदु, ईरण्णा?"
तिकडं बसचा आवाज. बंगळूरला निघालेला.
"मत्त ओंदु, अज्जा."
पुन्हा एक.
मानेत, त्याच जागी.

नव्वद म्हणाल्या होत्या बाई. खोटं नव्हतं ते.
उरलेल्या दहांना नावं असतील,
गोकाककडची आई असेल,
हे मी तेव्हा धरलंच नव्हतं.
माझं लक्ष माझ्या निम्म्यावर.

फोन ठेवून पेटीतून पट्टी काढली.
बिडाला एक सूत, पितळेला दीड,
ॲल्युमिनियमला सव्वा.
चारी कडा बघितल्या, अंगठ्यानं पुसून पुसून.
एकोणीस वर्षांच्या पोराला किती सोडायचं
ते कुठल्याच कडेवर नाही.

"काय मोजाय लागलाय?" लक्षू दारातून.
काही नाही म्हणालो.
पेज टाक.
बासमतीची.